एकशे बत्तीस पावलं

आमच्या मोजणीखात्याच्या कार्यालयामागे दोन दगड पुरलेले होते. एकापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर शंभर मीटर. मोजणीचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक चालणाऱ्याने या दगडापासून त्या दगडापर्यंत चालायचं, पावलं मोजायची आणि स्टोअरकीपरने तो आकडा वहीत लिहायचा. हंगाम संपला की पुन्हा चालायचं. कुणाची एकशे अठ्ठावीस भरायची, कुणाची एकशे चाळीस. दरवर्षी थोडा फरक पडायचाच. माणसाचं पोट सुटतं, गुडघा धरतो, कधी नुसताच आळस चढतो. सतरा वर्षं ज्याचा आकडा हलला नाही असा एकच माणूस होता. एकशे बत्तीस. म्हणून त्यांचं नाव बत्तीस पडलं. तोंडावर आम्ही दादा म्हणायचो.

"दादा, बत्तीस कसले? तुमचे दात तर सव्वीसच उरलेत," असं कुणीतरी दर हंगामात म्हणायचंच.

"मी दातांनी मोजत नाही," दादा म्हणायचे.

मी त्यांच्याबरोबर नऊ हंगाम काढले. माझ्याकडे लाकडी खुंट्या, हातोडा, लाल फडकी आणि वीस मीटरची साखळी. मला ते खुंट्याच म्हणायचे. "खुंट्या, ठोक." दिवसभरात याच्यापलीकडे फारसं बोलणं नसायचं. मला ते बरं वाटायचं. बोलणाऱ्या माणसाची खुंटी तिरकी जाते.

काम असं होतं. नदीच्या खोऱ्यातली कोणती जमीन कशाला वापरली जाते, ते दरवर्षी नकाशावर उतरवायचं. कार्यालयात खोऱ्याला पाणलोट क्षेत्र म्हणत. वरच्या अंगाला शेतं, मधे भाजीचे मळे आणि वीटभट्ट्या, खाली कारखाने. एक कातडं कमावण्याचा, एक कापड रंगवण्याचा, एक कागदाचा. हद्दी कुणी मोजायच्या नव्हत्या, त्या जुन्याच होत्या. पण हद्दीच्या आत किती पेरलंय, किती पडीक आहे, किती जागेवर शेड आलीय, हे सारखं बदलतं. त्याला यंत्र लावायचं तर सगळ्या कार्यालयात यंत्र एक, ते कपाटात, कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब बैठकीत. साखळीने मोजत बसलं तर वर्ष पुरायचं नाही, म्हणून पायांनी मोजायचं.

नकाशाला मान होता, कारण नदी आटली की पाणी त्याच्यावर वाटलं जायचं. एकराला आठवड्यातून एक तास. शेत असो की कारखाना. जी जागा वापरात नाही तिला थेंब नाही. त्यामुळे आम्ही दिसलो की खोऱ्यातली प्रत्येक गोष्ट वापरात यायची. ओसाड तुकड्यात आदल्या दिवशी कांद्याची रोपं टोचलेली असायची, मुळं वर आलेली. कातड्याच्या कारखान्याच्या मॅनेजरने दोन एकर मोकळ्या आवारात पिंपं मांडून ठेवली होती. मी एकावर हातोडा वाजवला. आतून देवळातल्या घंटेसारखा आवाज आला.

"रिकामी आहेत," मी म्हणालो.

"भरायची आहेत," मॅनेजर म्हणाला.

दादांनी लिहिलं, 'उद्योग'. त्यांचा नियम होता, त्या दिवशी डोळ्यांना दिसेल ते लिहायचं, मनातलं लिहायचं नाही. फॉर्मवर रकाने तीन. शेती, उद्योग, पडीक. एका गोठ्यात एकजण वेल्डिंग करायचा, शेजारी गाय बांधलेली. हे कुठे लिहायचं, यावर आमचे दीड तास गेले.

"ज्या जागेला पाणी दिलं की काहीतरी उगवतं ती शेती," दादांनी निकाल दिला. "जी जागा पाणी घेते आणि घाण करून सोडते तो उद्योग."

"मग माझी गाय?" वेल्डर म्हणाला.

दादांनी गाईकडे बराच वेळ पाहिलं. शेवटी गोठा निम्मा-निम्मा केला. गाईच्या मागच्या पायांमागून रेघ गेली.

हे पाऊल त्यांना जन्मतः मिळालेलं नव्हतं. तरुणपणी ते कालव्यावर माती वाहायचे. मोजणीखात्यात जागा निघाली तेव्हा त्यांनी दोन्ही घोट्यांना दोरी बांधली, हवी तेवढ्याच लांबीची, आणि दोन वर्षं तसे चालले. घरातल्या घरातसुद्धा. लग्न त्याच काळात झालं. वहिनी सांगायच्या, "मला वाटलं, पळून जाऊ नये म्हणून घरच्यांनी बांधून आणलंय." लग्नानंतर तीस वर्षं त्या दोघांचं पाऊल एकदाही जुळलं नाही. वहिनी बुटक्या आणि चपळ. बाजाराला निघाले की त्या कधी चार पावलं पुढे, कधी सहा पावलं मागे. दादा एकाच चालीने मधून जायचे, रुळावरून गाडी जावी तसे.

आता बुटांचं सांगतो.

दादांचा जावई त्याच कातड्याच्या कारखान्यात कामाला. हाताला चांगला. त्याने त्या वर्षी सासऱ्यासाठी स्वतः बूट शिवले. जाड तळ, दुहेरी शिवण, पाहत राहावं असं काम. माप त्याने विचारलं नाही, अंदाजाने घेतलं. सासऱ्याचा पाय मागायला लाजला. बूट अर्ध्या मापाने लहान झाले.

दादांनी घालून पाहिले. पाय आत गेला, बोटं मुडपून बसली.

"कसे आहेत, मामा?" जावयाने विचारलं.

"मजबूत आहेत," दादा म्हणाले. खोटं ते बोलायचे नाहीत.

दगडांमधली चाचणी त्याआधीच जुन्या बुटांत झाली होती. एकशे बत्तीस. मग हंगाम सुरू झाला आणि वहिनींनी जुने बूट माळ्यावर टाकले. "जावयाने एवढे हाताने केलेत. तुम्ही ती जुनी खेटरं घालून गेलात तर पोरीला सासरी काय वाटेल?" दादा नवे बूट घालून वरच्या खोऱ्यात निघाले. चाळीस दिवस आम्ही शेतं मोजली. पहिल्या आठवड्यात ते संध्याकाळी बूट काढायचे तेव्हा मी तोंड फिरवायचो. पाय दुखतो म्हणजे काम होतंय, असं त्यांचं मत होतं. माझंही होतं. चुकलं ते तिथेच. ते लंगडत होते हे मी पाहिलं, पण त्यांच्या पावलात फरक पडेल हे माझ्या मनात आलं नाही. सूर्य उशिरा उगवेल असं कुणाच्या मनात येतं का?

कारखाने मोजायची वेळ आली तेव्हा वहिनींनीच जुने बूट खाली काढले. "त्या रंगाच्या पाण्यात नवे बूट न्यायचे नाहीत." म्हणजे शेतं नव्या बुटांत मोजली आणि कारखाने जुन्यांत. हे हंगाम संपेपर्यंत आमच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या चाचणीला मोठ्या कार्यालयातून पाहुणे यायचे होते. म्हणून वहिनींनी पुन्हा नवे बूट पुढे केले. पाहुणे आले नाहीत. दादा दगडापासून दगडापर्यंत चालले. मी पलीकडच्या दगडाशी उभा होतो. स्टोअरकीपरने वही उघडून एकशे बत्तीस आधीच लिहून ठेवलं होतं. सतरा वर्षांची सवय.

दादा दगडाशी येऊन थांबले. म्हणाले, "एकशे एकोणचाळीस."

स्टोअरकीपर हसला. दादा परत चालत गेले. एकशे एकोणचाळीस. मग ते तिथेच मातीत बसले, बूट काढले आणि अनवाणी चालले. एकशे बत्तीस.

 स्टोअरकीपर म्हणाला, "दादा, लिहिलंय ते राहू द्या. कुणाला कळणार?"

"तू चाललास का?"

"नाही."

"मग तू कसं लिहिलंस?"

स्टोअरकीपरने खोडलं. त्या वहीतली सतरा वर्षांतली ती पहिली खाडाखोड.

पाऊल आखूड पडलं म्हणजे आकडा वाढतो, आकडा वाढला म्हणजे शेत वाढतं. लांबीलाही वाढतं आणि रुंदीलाही. शंभर एकरांचे कागदावर एकशे अकरा झाले होते, तेही निदान. वरच्या शेतकऱ्यांना उन्हाळ्यात हक्कापेक्षा जास्त पाणी मिळणार होतं आणि वरच्या शेतकऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष होते वहिनींचे सख्खे भाऊ. खाली जावई, वर मेहुणा आणि मधे दादांचा पाय.

दादांनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा मी दारात होतो. साखळी त्यांच्या घरी ठेवायची असायची.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बोलला नाहीत तर माझ्या भावाला पाणी जास्त, बोललात तर कमी."

"हो."

"आणि बोललात तर जावयाच्या बुटांचं नाव निघणार."

"बुटांचं नाव मी घेणार नाही. माझं पाऊल आखूड पडलं, एवढंच सांगणार."

"अहो, सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे ते बूट कुणी दिले. तुम्ही गावभर दाखवत फिरलात."

"तूच घालायला लावलेस."

"बरं, ऐका," वहिनी म्हणाल्या. "काय करायचं ते करा. पण माझं माहेर तुमच्या पायांखाली आहे. भावाने माझ्याशी बोलणं टाकलं, तर मी तुमच्याशी बोलणं टाकीन."

"किती दिवस?"

"मोजा. तुमचं कामच आहे ते."

दुसऱ्या दिवशी दादा साहेबांसमोर उभे राहिले. साहेब चांगले होते, पण टेबलावरचे. त्यांनी पेन्सिल घेतली. "घाबरता काय एवढे? सगळ्या आकड्यांना एका आकड्याने गुणलं की झालं. दुपारपर्यंत होईल."

"साहेब, बूट पहिल्या दिवशी जेवढा घट्ट होता तेवढा चाळिसाव्या दिवशी नव्हता. कोणत्या दिवसाला कशाने गुणणार?"

साहेबांनी बुटांकडे पाहिलं. "सरासरी काढू."

"सरासरीत ज्याचं शेत आधी मोजलं त्याला फुकटचं मिळणार आणि ज्याचं शेवटी मोजलं त्याच्या हक्काचं जाणार. माझ्या पायाची शिक्षा त्याला का?"

"मग काय म्हणता?"

"पुन्हा चालतो."

"नकाशा बारा दिवसांनी छपाईला जातो. चाळीस दिवसांचं काम आहे."

"बाराच दिवसांत करतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, खुंट्या तरी जागेवर आहेत, पुन्हा ठोकायला नकोत.

हे मी चुकीचं बोललो. तीनशे दहा खुंट्या मी ठोकल्या होत्या. त्यांतल्या एकशे शहाण्णव जागेवर सापडल्या. बाकीच्या टोमॅटोला आधार द्यायला आणि एका ठिकाणी दाराला अडसर म्हणून गेल्या होत्या. काहींना जागच्या जागीच शेळ्या बांधल्या होत्या, त्यांतली मात्र एकही हललेली नव्हती. माझ्या ठोकण्याला ती शेळी साक्षीदार.

पहाटे उजाडलं की निघायचं, दिसेनासं झालं की थांबायचं. दिवसाला वीस-बावीस किलोमीटर, तेही बांधावरून. दादांच्या पायात जुने बूट. लोक दारात उभे राहून बघायचे.

"काय दादा, शेत चोरीला गेलं का, म्हणून परत बघायला आलात?"

"मागच्या वेळी पाय आखूड आणि आता लांब का? पगार वाढला वाटतं!"

एका म्हातारीने तर बांधावर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी जरा हळू चालला होतास, तेच बरं होतं."

दादा कुणाला उत्तर द्यायचे नाहीत. उत्तर दिलं की आकडा चुकतो. शंभर पावलं झाली की एक खडा डाव्या खिशातून उजव्या खिशात. मी मागून, साखळी खांद्यावर.

तिसऱ्या दिवशी जावई सायकलवरून आला, हातात लाकडी साचा. त्याला सगळं कळलं होतं. शेताच्या कडेला उभा राहून म्हणाला, "मामा, चुकलो. पाय द्या, नीट माप घेतो."

"चाळीस दिवस दिलाच होता तुला," दादा म्हणाले आणि त्याच्याकडे न पाहता पुढे गेले. सत्तावीस पावलं गेल्यावर थांबले. एवढं मात्र मला दिसलं. मग परत आले, मातीत बसले आणि पाय पुढे केला. त्या बांधाची मोजणी आम्हाला पहिल्यापासून करावी लागली.

पाचव्या दिवशी मेहुण्यांचं शेत आलं. मागच्या वेळी हे शेत तिसऱ्याच दिवशी मोजलं होतं, म्हणजे बूट सगळ्यात घट्ट होते तेव्हा. कागदावर साडेसहा एकर. सगळा कोबी.

मेहुणे बांधावर वाट पाहत होते. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. मंडळाचे वीस-पंचवीस लोक जमवलेले.

"या दाजी," ते म्हणाले. "चहा नंतर. आधी एक सांगतो. तुमच्या पायांवरचा माझा विश्वास उडालाय. माझं शेत मी स्वतः मोजणार. माझ्या पायांनी."

लोकांनी माना डोलावल्या. दादांनी विचार केला. म्हणाले, "चालेल. नियमात बसतं. पण आधी तुमचं पाऊल ठरवायला हवं. खुंट्या, साखळी टाक."

मी रस्त्यावर साखळी पाच वेळा टाकली. शंभर मीटर. मेहुणे ऐटीत चालले. लांब पायांचा त्यांना अभिमान होताच, त्यात माणसं बघत होती. एकशे चौदा पावलं. दादांनी लिहून घेतलं, मेहुण्यांची सही घेतली.

मग शेत. पहिल्या कोपऱ्यावर मेहुणे उभे राहिले आणि त्यांना उलगडा झाला. पावलं जास्त पडली तरच शेत मोठं होणार. चेहऱ्यावर तो उलगडा मी पाहिला, मावळता सूर्य ढगातून बाहेर यावा तसा. त्यांनी पाय उचलला आणि एवढासा पुढे ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. सहा फुटांचा माणूस तापल्या तव्यावरच्या कोंबडीसारखा निघाला.

आधी कुणी हसलं नाही. अध्यक्ष होते. पण बांध एकशे चाळीस मीटर लांब. निम्म्यावर त्यांची बायको घरातून बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, असे गेलात तर जेवायला उद्या पोचाल!" मग मात्र सगळे फुटले. एकजण खाली बसला. एकाने टोपी तोंडात धरली.

दादा हसले नाहीत. मेहुण्यांच्या शेजारून चालत राहिले, नेहमीच्या चालीने, म्हणून दर दहा पावलांनी त्यांना थांबून वाट पाहावी लागत होती. दुसऱ्या कोपऱ्याआधीच मेहुण्यांच्या पोटरीत गोळा आला. ओरडून ते कोबीत बसले.

दादांनी वाकून त्यांचा पाय धरला. "अंगठा ओढा. अजून. आखूड चालणं सोपं नसतं, मेहुणे. मी चाळीस दिवस चाललोय."

हे त्यांनी चिडवायला म्हटलं नव्हतं. खरंच माहिती दिली होती. पण लोक पुन्हा हसले आणि मेहुण्यांचा चेहरा लाल झाला.

"मोजा तुमचं," ते म्हणाले. "आणि आमचं दोनदा मोजता, कारखान्यांचं एकदाच का? त्यांचे लाडके आहात?"

"ते जुन्या बुटांत मोजलंय."

"ते तुम्ही म्हणता. आम्ही कुठे होतो बघायला?"

 "बरोबर आहे," दादा म्हणाले. "तेही पुन्हा मोजतो."

मी हातोडा खाली ठेवला. बारा दिवसांत आधीच श्वास घ्यायला जागा नव्हती. पण ते बोलून चुकले होते.

मेहुण्यांचं शेत साडेपाचच्या जरा वर भरलं. आठवड्याला पंचावन्न मिनिटं गेली. आम्ही निघालो तेव्हा मागून आवाज आला, "ताईला सांगा, इकडे यायची घाई करू नको म्हणावं. आमच्याकडे पाणी कमी आहे!"

दादांनी घरी निरोप जसाच्या तसा दिला. एक शब्द कमी केला नाही. असा माणूस. वहिनींनी ताट वाढलं, समोर ठेवलं आणि आतल्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून घरात बोलणं बंद. काही हवं असेल तर वहिनी मला सांगायच्या, मी शेजारी उभ्या असलेल्या दादांना सांगायचो. "त्यांना म्हणावं, रॉकेल संपलंय." "दादा, रॉकेल संपलंय." "तिला म्हणावं, ऐकलं." माझ्या नऊ हंगामांत मी इतकं कधी बोललो नव्हतो.

अकराव्या आणि बाराव्या दिवशी आम्ही कारखाने मोजले. रंगाचा आणि कागदाचा एका पावलाचाही फरक पडला नाही. जुने बूट खरे ठरले. कातड्याच्या कारखान्यात मात्र आम्ही येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं. पिंपं गेली होती. दोन एकर आवारात गुडघाभर गवत आणि पहारेकऱ्याची म्हैस.

मॅनेजर धावत आला. "पिंपं धुवायला पाठवलीत!"

"आज जे दिसतं ते लिहितो," दादा म्हणाले आणि लिहिलं, 'पडीक'.

"अहो, म्हैस तरी लिहा!"

म्हशीला रकाना नव्हता.

त्या दोन एकरांचं पाणी सगळ्या शेतांत वाटलं गेलं. मेहुण्यांच्या वाट्याला त्यातली चार मिनिटं आली. म्हणजे एक्कावन्न मिनिटांचा खड्डा राहिलाच. दादांनी पुन्हा हिशेब केला, एक्कावन्नच आले. नकाशा वेळेवर छापला गेला. साहेबांनी अहवालात लिहिलं की फेरमोजणी यंत्राने केली.

नदी आटली. वाटपाचा पहिला बुधवार आला. सकाळी दादा मला घ्यायला आले. हातात चार बादल्या. "चल," म्हणाले. मी विचारलं नाही.

मेहुण्यांच्या शेतात पाण्याची पाळी नुकतीच संपली होती. कोबीच्या शेवटच्या चार ओळी कोरड्या राहिल्या होत्या, रेघ मारल्यासारख्या. मेहुणे झाडाखाली बसले होते. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. वस्तीच्या टोकाला हातपंप होता, त्याचं पाणी वाटपात येत नव्हतं. दादांनी दोन बादल्या भरल्या, मी दोन. एका ओळीत साठ गड्डे, गड्ड्याला एक तांब्या, बादलीत आठ तांबे. पंपापासून ओळीपर्यंत जाताना भरलेल्या, येताना रिकाम्या. पंपाचा दांडा जड होता, वायसर गेलेलं.

"नाटकं नकोत, दाजी," मेहुणे झाडाखालून म्हणाले.

दादा गड्ड्याला तांब्या लावत राहिले.

"मी काही बोलणार नाही, सांगून ठेवतो."

"बोलताय तर," मी म्हणालो. मला सवय लागली होती.

पहिली ओळ संपली तेव्हा वहिनी आल्या. निरोप गिळून, न बोलावता, तीन मैल चालत. कुणाशी न बोलता त्यांनी पदर खोचला आणि माझ्या हातातली एक बादली घेतली. बुटक्या बाईच्या हातात भरलेली बादली जमिनीला घासत होती. दोन खेपा मेहुण्यांनी पाहिल्या. तिसरीला उठले.

"ताई, ठेव ती."

"का? माझ्या भावाचा कोबी आहे."

"ठेव म्हणतो ना!"

"तू उचल, मग ठेवते."

मेहुण्यांनी उचलली. लांब ढांगा टाकत निघाले, निम्मं पाणी वाटेत सांडलं.

"मेहुणे, सांडतंय," दादा म्हणाले.

"माझं शेत. सांडू द्या."

"पाणी पंपावर मी उपसलंय."

मेहुणे थांबले, बादलीकडे पाहिलं आणि हळू चालायला लागले. दुपारी तीनला चौथी ओळ संपली. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. मला ते आवडलं.

त्यानंतर दर बुधवारी. दुसऱ्या बुधवारी मेहुणे पहिल्या ओळीपासून बादली धरून होते. तिसऱ्याला त्यांच्या बायकोने आम्हाला चहा दिला. चौथ्याला माझी पाठ धरली, तरी गेलो. पाचव्या बुधवारी मात्र मेहुणे आले नाहीत. झाडाखाली बसून राहिले. दादांनी आणि मी मिळून चारही ओळी भरल्या, एकशे वीस तांबे प्रत्येकी. शेवटचा गड्डा भिजवून दादांनी कंबर सरळ केली तेव्हा मेहुणे उठले आणि म्हणाले, "दाजी, जरा इकडे या."

पंपाच्या मागे, गवताने झाकलेला, एक चर होता. पंपाच्या तोंडापासून थेट चौथ्या ओळीपर्यंत. मी वाकून पाहिला. उतार बरोबर, कडा ठोकून बसवलेल्या. दोन दिवसांचं काम होतं आणि चांगलं होतं. दांडा मारत राहिलं की पाणी आपोआप कोबीत.

"कधी खणलात?" दादांनी विचारलं.

"सोमवारी संपला."

"आज बुधवार आहे."

"हो. अख्ख्या मंडळासमोर मला कोबीत बसवलंत ना? आता फिट्टंफाट झाली."

दादांनी चराकडे पाहिलं, रिकाम्या बादल्यांकडे पाहिलं आणि मग घराच्या दाराकडे. दारात वहिनी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून, हसू आवरत नव्हतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. रविवारपासून त्या तिथेच राहायला होत्या.